हॅलो, एक दोन तीन, ओकटी रेंडु मूडु

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण हात धजत नव्हता. कारण यात माझी एक लबाडी आहे, जी मी घरच्यांशी सात वर्षं केली. आता बाबा नाहीत, तर मोकळेपणानं सांगतो.

मी आदिलाबादचा. बाबांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. पाटीवर 'साऊंड सर्व्हिस' लिहिलेलं, लोक मात्र 'भोंगेवाला' म्हणायचे. अहुजाचे दोन अँप्लिफायर, आठ कर्णे, एक रेकॉर्ड प्लेअर, पुढे कॅसेट डेक, आणि एक जनरेटर जो पावसाळ्यात हमखास रुसायचा. लग्नसराई, 14 एप्रिलची भीमजयंती, गणपती, गावोगावच्या जत्रा. सामान बैलगाडीत, नंतर टेंपोत. बेला, जैनथ, तलमडगू, पैनगंगेपलीकडं पांढरकवड्यापर्यंत आम्ही जायचो.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1956 साली भाषेप्रमाणे राज्यं झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आमच्या जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे गेले, आदिलाबाद आंध्रात राहिलं आणि 2014 ला तेलंगणात आलं. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू. बाबांचं माईक टेस्टिंगसुद्धा तसंच. आधी दोन टिचक्या मारायचे, मग फुंकर, मग "हॅलो, हॅलो, एक दोन तीन, ओकटी रेंडु मूडु." नवरा कोणत्या भाषेतला आहे हे बघायची गरजच नसायची.

माझं काम झाडावर चढून कर्णा बांधायचं आणि वायर ओढायची. आठवीत गेलो तेव्हापासून त्याची लाज वाटायला लागली. वर्गातल्या पोरीच्या ताईच्या लग्नात मी कडुलिंबावर बसलोय आणि खाली सगळा वर्ग जेवतोय, असं एकदा झालं. त्या दिवशी ठरवलं की काहीही करीन, हे करणार नाही.

बाबांनाही तेच हवं होतं, पण कारण वेगळं. त्यांचे कान गेले होते. वीस-पंचवीस वर्षं कर्ण्याच्या बाजूला उभं राहून काम. आमचं गाव कापसाच्या बाजाराचं, तर कानात कापसाचा बोळा घालायचे. साध्या कापसानं फारसं काही अडत नाही हे तेव्हा कोणाला ठाऊक. मोठ्या आवाजानं आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणं बंद होतं. माणूस बोलतो ते कळतं, पण काय बोलतो ते कळत नाही, कारण 'स', 'त', 'फ' अशी अक्षरं गळून जातात. आम्हाला वाटायचं बाबा मुद्दाम दुर्लक्ष करतात. मायचं आणि त्यांचं निम्मं भांडण त्यावरूनच व्हायचं.

2004 मध्ये मी एमएससी करायला इंग्लंडात लीड्सला गेलो. बँकेचं कर्ज काढलं आणि बाबांनी एक पूर्ण सेट विकला. चार कर्णे, एक अँप्लिफायर आणि जनरेटर. निघताना एवढंच म्हणाले, "आता या डब्ब्याच्या धंद्याकडं फिरून पाहू नको. कान खाते हा धंदा."

आणि मंडळी, पहिल्याच हिवाळ्यात मी त्याच डब्ब्यांसमोर जाऊन उभा राहिलो.

झालं असं, की खोलीवरचा मित्र एका शनिवारी ओढून घेऊन गेला. चॅपलटाउन हा लीड्समधला कॅरिबियन लोकांचा भाग, तिथं वेस्ट इंडियन सेंटर आहे. 1998 पासून तिथं 'सबडब' नावाची नाईट व्हायची, लीड्सचीच 'इरेशन स्टेपाज' ही साऊंड सिस्टिम वाजवायची. मला वाटलं पब असेल, दिवे असतील, नाच असेल. आत गेलो तर जवळजवळ अंधार. स्टेज नाही. कोपऱ्यांत माणसापेक्षा उंच लाकडी डब्ब्यांच्या भिंती, आणि वाजवणारा माणूस लोकांच्याच पातळीवर, एका टेबलामागं. मग बेस सुरू झाला. पँटचं कापड थरथरायला लागलं, छातीत कोणी हात घालून हलवतंय असं वाटलं. पण कान दुखत नव्हते! वरचे आवाज जपून ठेवलेले, सगळं वजन खाली. लोक डोळे मिटून डोलत होते, आणि मी डब्ब्यांच्या मागं जाऊन वायरिंग बघत होतो.

तिथंच एका म्हाताऱ्यानं मला हटकलं. वायरीला हात लावतोस का म्हणून. मी म्हणालो, माझ्या वडिलांचं साऊंडचं दुकान आहे. घर सोडल्यावर हे वाक्य मी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. तो माणूस मूळचा सेंट किट्स बेटाचा, पोरवयात आईबापांबरोबर लीड्सला आलेला, धंद्यानं सुतार. स्वतःच्या हातानं डब्बे बनवायचा आणि महिन्यातून एकदा, दुसऱ्या शुक्रवारी, एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या तळघरात स्वतःची नाईट भरवायचा. मी त्याला काका म्हणतो, इथंही तेच म्हणेन. काका म्हणाला, "उचलायला माणूस कमी आहे. येतोस?"

थोडं या प्रकाराबद्दल. साऊंड सिस्टिम ही मूळ जमैकाची गोष्ट. 1950 च्या दशकात किंग्स्टनमध्ये लोक मोठे डब्बे, अँप्लिफायर आणि रेकॉर्ड घेऊन उघड्यावर नाच भरवायचे. गरिबाला बँड परवडत नव्हता, डब्बे परवडत होते. आपल्याकडंही तेच झालं की नाही? तिथला किंग टबी हा मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा मेकॅनिक. गाण्यातला गळा काढून टाकायचा, ढोल आणि बेस ठेवायचा, मधेच एखादा शब्द घुमवून सोडायचा. त्यातून 'डब' निघालं. 1948 नंतर कॅरिबियन लोक इंग्लंडात कामाला आले. गोऱ्यांच्या क्लबात त्यांना दारावरून परत पाठवायचे, म्हणून त्यांनी घरांच्या तळघरांत डब्बे लावले. पुढं त्याच बेसमधून जंगल, ड्रम अँड बेस आणि 2000 नंतर दक्षिण लंडनमध्ये डबस्टेप आलं. 2005 ला ब्रिक्स्टनमध्ये सुरू झालेली 'डीएमझेड' नाईट तर एका चर्चच्या इमारतीत भरायची. आपल्या लोकांचाही हात आहे बरं का. तलवीन सिंगनं 1995 मध्ये लंडनला 'अनोखा' ही सोमवारची नाईट काढली होती, तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र.

मी पहिलं वर्षभर फक्त हमाली केली. एक डब्बा उचलायला दोन माणसं, तळघराला एकोणीस पायऱ्या. दुपारी चारला सामान उतरवायचं, सहापर्यंत वायरिंग, सातला टेस्टिंग, पहाटे तीनला सगळं उलट्या क्रमानं वर. एमएससी झाली, नोकरी लागली, तरी दुसरा शुक्रवार चुकला नाही. 2006 मध्ये काकानं मला दहा ते अकराचा वेळ दिला. म्हणजे कोणीच आलेलं नसतं तो वेळ. लग्नघरी पहाटे बाबा रेकॉर्ड लावायचे ना, आजूबाजूच्या चार गावांना कळावं म्हणून, तसंच ते. ऐकणारं कोणी नसतं पण लावायचं. काका सांगायचा, खोली गरम करायची, दिखावा करायचा नाही. एक गाणं पूर्ण वाजू द्यायचं. नवशिका दर दोन मिनिटांनी बटणं फिरवतो.

आणि एखादं गाणं लोकांना फार आवडलं तर? शिट्ट्या, भिंतीवर थापा, की लगेच रेकॉर्ड उलटी ओढून पहिल्यापासून लावायची. आपल्या नाटकातला वन्स मोअरच! मला पहिला वन्स मोअर मिळायला चौदा महिने लागले. त्या रात्री झोप आली नाही.

मानधन वीस पौंड आणि व्हॅनमधून घरी सोडणं. शिवाय कानाचे बोळे फुकट. 2008 पासून गाण्याबजावण्याच्या जागांनाही तिथं कामावरच्या आवाजाचा कायदा लागू झाला. आवाज 85 डेसिबलला पोचला की काम करणाऱ्याच्या कानाची जबाबदारी मालकावर. काका दारातच एक वाटी भरून ठेवायचा, आणि माझ्या कानात बोळे दिसले नाहीत तर डब्ब्याला हात लावू द्यायचा नाही.

घरी काय सांगितलं? नाईट शिफ्ट. दर रविवारी फोन. बाबांना फोनवर ऐकू यायचं नाही, म्हणून माय मधात. "तो म्हणते का शुक्रवारी रातपाळी हाय!" असं ती ओरडून सांगायची, आणि मागून बाबांचा आवाज यायचा, "झोप घेजो म्हणा." दर वेळी ते ऐकलं की पोटात कालवायचं. त्यांनी सेट विकून मला यातून काढलं, आणि मी समुद्र ओलांडून तेच डब्बे उचलत होतो.

अजून एक गोष्ट केली होती, तीही सांगतो. 2009 च्या दिवाळीत घरी आलो होतो. आमच्याकडं दिवाळीत गोंड लोकांची दंडारी निघते. डोक्याला मोरपिसांचा मोठा टोप घातलेले गुस्साडी, सोबत वाद्यं, एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जातात. उटनूरकडच्या एका गावात मी लांब उभं राहून वीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं. लीड्सला येऊन त्यातल्या ढोलाखाली बेस घातला आणि आपल्या वेळेत वाजवलं. लगेच वन्स मोअर. लोक विचारायला आले, हे कुठलं? मी छाती फुगवून म्हणालो, आमच्याकडचं. त्यानंतर दर महिन्याला वाजवत गेलो.

2011 च्या जूनमध्ये माय-बाबा लीड्सला आले. मी काकाला सांगितलं होतं की या महिन्यात जमणार नाही. रेकॉर्ड पलंगाखाली, सोल्डरिंगचं सामान कपाटात. बायकोलाही बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायला आलो तर बाबा कपाट उघडून बसलेले. कान गेले तरी नाक शाबूत होतं.

"घरात डागाचा वास येऊन राह्यला," म्हणाले. "नोकरी गेली का तुही? रेडिओ दुरुस्त करून राह्यला का?"

त्यांच्या डोळ्यांत खरीच भीती होती. मग सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. सात वर्षांची लबाडी ओरडून सांगायची म्हणजे काय ते मलाच माहीत. बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माय म्हणाली, "त्यायले तुह्या डब्ब्याचा राग नाई. मले खोटं बोलाले लावलं, त्याचा हाय." खरं होतं. सगळं खोटं तिच्याच तोंडून गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी बूट घातले आणि म्हणाले, "चाल, डब्बे दाखव."

संध्याकाळी पाचला आम्ही तळघरात पोचलो. काकानं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. एकाला मराठी नाही, दुसऱ्याला इंग्रजी नाही. बाबांनी डब्ब्यांभोवती एक चक्कर मारली, सांध्यांवरून बोट फिरवलं, मागून ठोकून पाहिलं. काकानं रेकॉर्ड लावली. बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि दोन्ही तळवे पुढं धरून हॉलमध्ये चालायला लागले. डाव्या भिंतीकडं गेले, उजव्या भिंतीकडं गेले, मग बरोबर मध्यभागी येऊन थांबले. छातीवर हात ठेवला.

"मधात काहीच नाई," ते म्हणाले. "कडंले हाय, मधात नाई."

मी काकाला सांगितलं. काका म्हणाला, मागच्या तीन नाईट तसं वाटतंय खरं, मला वाटलं माझंच वय झालं. मी म्हणालो, खोलीच तशी आहे. बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

"सेल हाय का?"

भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून दिला. बाबांनी अँप्लिफायरमधून डाव्या बाजूची वायर काढली, मला डब्ब्यातल्या स्पीकरच्या कागदावर बोटं ठेवायला लावली, आणि सेलची दोन टोकं वायरीला टेकवली. कागद किंचित बाहेर आला. मग उजव्या बाजूची वायर, तोच सेल, तसाच धरून. कागद आत गेला.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी: दोन्हीकडचे स्पीकर एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जायला हवेत. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढत असेल, तर मध्यभागी दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. बेसची एक लाट 6-7 मीटर लांब असते, म्हणून हे बेसमध्ये फार जाणवतं. उजव्या बाजूची ती लांब वायर तीन महिन्यांपूर्वी मीच बनवली होती. प्लगमध्ये अधिक-उणे उलटं लावलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सची एमएससी!

बाबांनी प्लग उघडला, माझीच इस्त्री घेतली आणि दोन्ही टोकं बदलून डाग दिला. "डाग चांगला देला तू," म्हणाले, "जागा चुकली." सात वर्षांत माझ्या कामाबद्दल ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

पुन्हा रेकॉर्ड लावली. काका मध्यभागी उभा होता. त्यानं टोपी काढली आणि हसायलाच लागला. मग टेबलावरचा माईक उचलून बाबांच्या हातात दिला. टेस्टिंग कर, असं खुणेनं सांगितलं. बाबांनी दोन टिचक्या मारल्या, फुंकर मारली, आणि लीड्सच्या तळघरात आवाज घुमला, "हॅलो, हॅलो, एक दोन तीन, ओकटी रेंडु मूडु." काकानं हळूच इको वाढवला. मूडु, मूडु, मूडु. बाबांना तो ऐकू आला नसणार, पण हातातला माईक थरथरलेला कळला असावा, कारण त्यांनी माईककडं पाहिलं आणि पुन्हा एकदा म्हटलं. काकानं ते सगळं टेपवर घेतलं होतं.

त्या रात्री बाबा माझा पूर्ण तास मध्यभागी उभे राहिले, हाताची घडी घालून. चालत घरी येताना विचारलं, "किती देते हे लोकं?"

"वीस पौंड."

"डिझेल तरी निघते का त्यात?"

मग बऱ्याच वेळानं मी दंडारीचं सांगितलं. वाटलं, आपल्या मातीचा आवाज इथवर आणला म्हणून खूश होतील. त्यांनी एकच विचारलं, "त्यायले इचारलं का?"

विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी, 2012 च्या दिवाळीत, आम्ही दोघं त्या गावी गेलो. तिथल्या म्हाताऱ्या पटेलांना मोबाईलवर ते ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, रागावले नाहीत. म्हणाले, हे देवाचं आहे, दंडारीच्या दिवसांतलं आहे. तुला ऐकायचं तर दिवाळीत ये, इथं बसून ऐक, जेवून जा. दारूच्या जागी वाजवू नको. बाबांनी मान डोलावली, मीही. तेव्हापासून ते वाजवलं नाही. जेवायला मात्र दोनदा गेलो.

त्याऐवजी मी बाबांचं माईक टेस्टिंग घेतलं. खाली साधा बेस, वर तो आवाज, बाकी काही नाही. त्याची एक तबकडी कापून घेतली. डबप्लेट म्हणतात तिला. ती मऊ असते, पन्नासेक वेळा वाजवली की झिजायला लागते. दर नाईटला टेस्टिंगसाठी काका तीच लावायचा. चॅपलटाउनची काही पोरं आजही मला भेटली की 'ओकटी रेंडु मूडु' म्हणतात. अर्थ त्यांना मी सांगितलेला नाही.

काकाचे गुडघे गेले आणि 2015 मध्ये ती नाईट बंद झाली. बाबा 2018 च्या पावसाळ्यात गेले. तेरवीला आदिलाबादच्या मंडपवाल्यांनी मंडप घातला आणि पैसे घेतले नाहीत. कोणीतरी माईक लावला होता, त्यावर भजनवाल्यांपैकी एकानं दोन टिचक्या मारल्या, तेव्हा मला उठून बाहेर जावं लागलं.

तबकडी आता एवढी झिजलीय की आवाजाआधी खरखरच येते. टेप शाबूत आहे, तिच्या तीन प्रती केल्या आहेत. माझ्या उजव्या कानात रात्री शिट्टी वाजते, ती पहिल्या वर्षीच्या बेफिकिरीची. तुमच्यापैकी कोणाची पोरं डीजेवर, ढोलपथकात, मंडपाच्या कामात असतील तर त्यांना खरे बोळे आणून द्या, कापूस नको. आणि घरात एखादी जुनी कॅसेट पडली असेल, ज्यात घरच्या माणसाचं नुसतं हॅलो हॅलो असेल, तर ती फेकू नका.